मडक्यातले पीठ आणि कुपीतले तेल

शास्त्रपाठ : १ राजे १७:८-१६



सारफथच्या विधवेच्या घरात दोनच जिन्नस उरले होते : मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. वेशीजवळ ती काटक्या वेचत होती. शेवटची भाकर करायची, मुलाबरोबर खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असे तिने एलीयाला आडपडदा न ठेवता सांगितले. या उताऱ्यावर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत. बहुतेक संदेश विश्वासाविषयी असतात आणि ते योग्यच आहे. पण एक बारीक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. पाऊस पडेपर्यंत देवाने त्या घरात एक नव्हे, दोन वस्तू टिकवल्या. पीठही सरले नाही आणि तेलही आटले नाही. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात अन्नबलीचे नियम आहेत, तिथेही सपीठ आणि तेल बरोबरच सांगितले आहे.

एलीयाच्या काळी कोणी उष्मांक मोजत नव्हते, आणि या उताऱ्यातून मला आहारशास्त्र काढायचे नाही. मात्र नुसत्या पिठावर लेकरू वाढत नाही हे त्या काळच्या आईला ठाऊक होते. आपल्या सेवाक्षेत्रात, म्हणजे पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, मडके बहुतेक महिने अगदी रिकामे नसते. घरची नागली किंवा वरई असते, ती संपली तर रेशनचा तांदूळ असतो. रिकामी असते ती कुपी. आजच्या अभ्यासात कर्बोदके, तंतुमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ या तिघांची माहिती घेऊ, ती या पाड्यांवरच्या ताटाच्या अनुषंगाने.

पीठ : पोट भरते, पण किती?

कर्बोदके म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत पिष्टमय आणि गोड पदार्थ. भात, भाकरी, चपाती, बटाटा, रताळे, गूळ, साखर हे सगळे त्यात आले. पिष्टाचा कण म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ असते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळ ती माळ तिथेच तोडू लागते. उरलेले काम आतड्यात होते आणि साखर रक्तात उतरते. मेंदूचे रोजचे इंधन मुख्यतः हेच. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने लहान असला तरी शरीराच्या विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा खातो. यकृत सुमारे १०० ग्रॅम साठा बाळगून असते, तो साधारण एका रात्रीला पुरतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी शाळेत आलेले मूल फळ्याकडे पाहत असते, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याने काल रात्री काय खाल्ले ते विचारावे.

एक ग्रॅम कर्बोदकातून ४ उष्मांक मिळतात (डॉक्टर ज्याला कॅलरी म्हणतात तेच). एक ग्रॅम तेलातून ९ मिळतात. हे दोन आकडे कृपया लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब यांवरच आहे.

पिष्टाला एक खोड आहे. पाण्यात शिजवले की ते पाणी शोषून फुगते. थोड्याशा पिठाची पातेलेभर पेज होते, ती दाटही दिसते, आणि आईला वाटते की लेकराचे पोट भरले. पोट भरते खरे, पण बहुतांश पाण्याने. हिशेब करून पाहू. सुमारे २०० मिलिलिटरच्या वाटीत १५ ग्रॅम नागलीचे पीठ शिजवले तर त्यात पन्नासहून थोडे कमी उष्मांक असतात. तेवढेच आईचे दूध घेतले तर त्यात सुमारे १३० असतात. दूध पातळ दिसते आणि पेज दाट दिसते, तरी ताकद दुधात जास्त आहे. याचे मुख्य कारण स्निग्धांश. आईच्या दुधातून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी जवळपास निम्मे स्निग्ध पदार्थांचे असतात. निर्माणकर्त्याने लहानग्यासाठी जे पहिले अन्न ठरवले ते असे आहे. सहा महिन्यांनंतर आपण वरचे अन्न सुरू करतो तेव्हा मात्र त्या लेकराच्या वाट्याला एकदम तेलाचा थेंबही नसलेली पेज येते.

एक ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला दुधाशिवाय रोज सुमारे ५५० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर सांगितलेल्या पेजेने हे भागवायचे तर दिवसाला अकरा-बारा वाट्या पाजाव्या लागतील. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० मिलिलिटर मावते. आई आवणीला गेलेली असते आणि लेकरू आजीजवळ किंवा सात वर्षांच्या ताईजवळ असते. अकरा वाट्या कोण पाजणार? आता त्याच वाटीत एक छोटा चमचा तेल घातले तर ४० उष्मांक वाढतात. वर दहा ग्रॅम शेंगदाण्याचे बारीक कूट घातले की आणखी पन्नासेक. मग वाटी १४० च्या घरात जाते आणि चार वाट्यांत काम होते. मुलाचे पोट तेवढेच, चूलही तीच, आणि आईच्या कामात वाढ झाली ती एका चमच्याची.

याच्या जोडीला एक जुनी युक्ती आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, आणि अगदी हलकी भाजून दळायची. मोड येताना दाण्यात एक पाचकद्रव्य तयार होते, ते पिष्टाच्या माळा तोडते. त्यामुळे असे पीठ शिजवल्यावर फार फुगत नाही. त्याच वाटीत दुप्पट पीठ घातले तरी पेज लेकराला गिळता येईल इतकी पातळ राहते. दाणे करपेपर्यंत भाजले तर ते पाचकद्रव्य मरते आणि सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून आच मंद हवी. मोड आल्याने धान्यातील लोहही अंगी लागायला मदत होते.

तेल : ऊर्जा आणि बरेच काही

तेल म्हणजे नुसते इंधन नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत स्निग्ध द्रव्य असते. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, आणि मेंदूच्या तंतूंभोवतीचे वेष्टण मुख्यतः स्निग्ध द्रव्याचेच असते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धात विरघळतात, तेलाशिवाय ती आतड्यातून नीट आत जात नाहीत. आपल्या पाड्यांवर पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवगा अशा पाल्याची रेलचेल असते. शहरातले लोक रानभाज्या महोत्सवात पैसे मोजून खातात त्याच या भाज्या. त्यांत 'अ' जीवनसत्त्व तयार होण्यास लागणारे द्रव्य भरपूर असते. पण भाजी नुसत्या पाण्यात, मीठ-मिरची घालून उकडली तर त्यातले थोडेच अंगी लागते. मग रातांधळेपणावर दवाखान्यातून डोस द्यावे लागतात, आणि औषध दारातच उगवलेले असते.

काही स्निग्धाम्ले तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन पतिपत्नींनी १९२९ साली हे दाखवून दिले. त्यांनी उंदरांना बाकी सर्व दिले, फक्त स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वगळले. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली आणि शेवटी ते दगावले. तोवर चरबी म्हणजे साठवलेली ऊर्जा, ती नसली तरी साखरेवर भागेल, असाच समज होता.

जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत नागली-वरईच्या जोडीला खुरासणी हे तेलबी पूर्वीपासून घेतले जाते. पिवळ्या फुलांनी भरलेले ते उतार ज्यांनी पावसाळ्याच्या शेवटी पाहिले असतील त्यांना ते विसरता येणार नाहीत. खुरासणीच्या तेलात शरीराला स्वतः बनवता न येणारे लिनोलिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. काही घरांत मोहाच्या बियांचेही तेल असते, थंडीत ते थिजते. म्हणजे या लोकांकडे तेल नव्हतेच असे नाही. पण हाती रोख पैसा हवा म्हणून बी विकले जाते, आणि मग आठवड्याच्या बाजारातून थोडे थोडे तेल विकत आणावे लागते. माझ्या मते, आपण करू शकू अशा सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक म्हणजे खुरासणीचा निदान घरापुरता वाटा घाण्यावर जाऊन घरात परत यावा यासाठी मदत करणे. हे काम मोठे नाही आणि त्याचा फोटोही चांगला निघत नाही, म्हणून कदाचित ते मागे पडते.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. दंडघेराची पट्टी लाल दाखवत असेल, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा पायांवर सूज असेल, तर घरच्या घरी तेल वाढवू नये. अशा मुलाचे शरीर एकदम आलेले जड अन्न पेलू शकत नाही. त्याला अंगणवाडी सेविकेमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात नेले पाहिजे. आपले कार्यकर्ते तेवढेच करतात, आणि तेवढेच त्यांनी करावे.

चोथा आणि एक विश्वासू शल्यविशारद

तंतुमय पदार्थ हीसुद्धा एक प्रकारची कर्बोदकेच आहेत. फरक इतकाच की त्यांच्या माळा आपल्या पाचकरसांना तुटत नाहीत. म्हणून कित्येक वर्षे त्यांना टाकाऊ चोथा समजत. हा समज बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्यांचे नाव डेनिस बर्किट (१९११-१९९३). आयर्लंडमध्ये जन्मलेले हे शल्यविशारद दृढ ख्रिस्ती विश्वासाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते युगांडात गेले आणि पुढे कंपाला येथील मुलागो रुग्णालयात त्यांनी बरीच वर्षे काम केले. मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका गाठीच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांना आणखी एक गोष्ट खटकत होती. ब्रिटनमध्ये रोज दिसणारे अपेंडिक्स, मूळव्याध, पित्ताशयातील खडे आणि आतड्याचा कर्करोग हे आजार युगांडाच्या खेड्यांतील रुग्णांत फार क्वचित आढळत. तिथल्या लोकांच्या जेवणात न पाखडलेले धान्य, कंद आणि घेवड्याच्या जातीची कडधान्ये होती, तर ब्रिटनमध्ये पांढरा पाव आणि साखर. युगांडातच पूर्वी काम केलेले डॉक्टर ह्यू ट्रॉवेल, जे पुढे अँग्लिकन पाळक झाले, त्यांच्या साथीने बर्किट यांनी हा विचार जगापुढे मांडला, आणि १९७९ मध्ये सामान्य वाचकांसाठी त्यावर पुस्तकही लिहिले. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. एवढ्या आजारांचे खापर एका चोथ्याच्या अभावावर फोडता येत नाही. पण मूळ मुद्दा टिकला. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते.

चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तिथल्या सूक्ष्मजीवांचे तो अन्न बनतो. ते त्याच्यापासून काही आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यांवर पोसल्या जातात. शिवाय चोथ्यामुळे शौचास साफ होते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही भरत नाहीत. कॅल्शियमचा फरक तर कितीतरी पट आहे : नागलीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात दहाच्याही आत. रेशनच्या तांदळाने अनेक घरांची उपासमार टाळली, त्याबद्दल वाईट बोलण्याचे कारण नाही. पण तांदूळ आला तशी नागलीची पेर कमी होत गेली, आणि त्याबरोबर ताटातून काय गेले तेही पाहायला हवे.

लहान बाळाची गोष्ट मात्र इथे वेगळी आहे. त्याच्या इवल्या पोटात चोथाच जागा अडवून बसला तर ताकदीचे अन्न मावत नाही. म्हणून बाळासाठी नागलीचे पीठ वस्त्रगाळ करणारी आजी बरोबर करते. तिला कोंड्याचे महत्त्व सांगायला जाऊ नये.

तुमचे ताट आणि त्यांचे ताट

आता थोडे आपल्या स्वतःच्या ताटाविषयी. आपल्या मंडळ्यांमधील कितीतरी सभासदांना डॉक्टरांनी सांगितलेले असते : तेल कमी करा, साखर बंद करा, कोंड्यासकट पीठ खा. हा सल्ला अगदी योग्य आहे. आपल्याकडे उपासनेनंतरच्या चहाबरोबर खारी आणि बिस्किटे असतात, लग्नात बिर्याणी असते, आणि घरी सोफ्यावर बसून काम असते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात वरून घातलेले तेल-तूप दिवसाला २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास पुरे होते. चौघांच्या घराला म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन लिटर. आपापल्या घरचा आकडा भगिनींनी ताडून पाहावा.

अडचण पुढे येते. हाच सल्ला मनात ठेवून आपण दानाची पेटी भरतो. "तेल कशाला, त्या लोकांचे साधे जेवणच चांगले", असे प्रेमाने म्हणणारे वडीलधारे मला अनेक मंडळ्यांत भेटतात. दानिएलाने दहा दिवस शाकभाजी आणि पाणी घेतले, याचाही दाखला मिळतो. पण दानिएल हा राजवाड्यात राहणारा तरुण होता, दीड वर्षाचे लेकरू नव्हते. ज्या ताटात तेल जास्त झाले आहे आणि ज्या ताटात ते नाहीच, त्या दोन ताटांना एकच पथ्य लागू होत नाही.

मग पेटीत काय येते? बहुतेक वेळा बिस्किटे, साखर, मैदा, रवा. बिस्किटांत उष्मांक नाहीत असे नाही. मैदा, साखर आणि थोडे तेल असते, मुलेही खूश होतात, आणि नाताळात एक पुडा मिळाला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पण जेवणाऐवजी बिस्किटे द्यायची सवय लागली की भूक मरते, दात किडतात, आणि नागली, उडीद, पालेभाजी यांची जागा मैदा घेतो. वनस्पती तुपाचे डबेही येतात. भारतात २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे आजचे वनस्पती तूप पूर्वीइतके घातक राहिलेले नाही. तरीही तेवढ्याच पैशांत शेंगदाणा तेल किंवा सोयाबीन तेल दिलेले बरे.

राज्य शासनाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण, आणि सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडे किंवा केळे अंगणवाडीतून मिळते. त्याला समांतर दुसरे काही उभे करण्याची आपल्याला गरज नाही. आपले काम घरच्या चुलीपाशी आहे : लेकराच्या वाटीत पडणारा तो एक चमचा.

शेवटी वेळेविषयी, कारण चूक बहुधा तिथेच होते. पेट्या डिसेंबरमध्ये येतात. दिवाळीनंतर मात्र पुष्कळ कुटुंबे लेकरांसह भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि नाताळात कित्येक घरांना कड्या लावलेल्या असतात. खरी टंचाई जून ते सप्टेंबरची. घरचे धान्य संपलेले, काम शेतातले आणि अंगमेहनतीचे, रस्ते चिखलाचे, आणि मुलांना जुलाब-तापाचा हंगाम. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी मदत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पोचवावी. तेल अर्ध्या लिटरच्या सीलबंद पिशव्यांत असावे, मोठा डबा वाटताना सांडतो आणि उघडा राहिला की खवट होतो. शेंगदाणे पावसाळ्यासाठी पाठवू नयेत. दमटपणात त्यांना बुरशी लागते आणि त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते. शेंगदाणे, तीळ आणि गूळ ऑक्टोबरमध्ये पाठवावेत, म्हणजे भट्टीवर निघणाऱ्या आयांना ते बरोबर नेता येतील. खुरासणीचे बियाणे ज्यांना द्यायचे असेल त्यांनी जूनच्या आत कार्यालयाला कळवावे.